यीस्टला घातलेली आरोळी

स्यूर गेल्यावर त्याच्या बायकोने, गुरोने, नाताळची बिअर पहिल्यांदाच एकटीने करायला घेतली. यीस्ट स्यूरच्या आजोबांपासूनचं. दर खेपेला पिंपाच्या तळाचा साका बांगडीसारख्या लाकडी कड्यावर वाळवून ठेवायचा आणि पुढच्या खेपेला तोच जागा करायचा.

यीस्ट सोडताना दोघं मिळून आरोळी ठोकायचे. आरोळी जेवढी जोरकस तेवढी बिअर कडक, असं खोऱ्यात सगळेच मानतात. आज तिला ते जमेना. तिने कडं माल्टच्या कोमट काढ्यात अलगद सोडलं, ओठ मिटूनच. बिघडली तर बिघडली.

संध्याकाळी नदीच्या पलीकडच्या काठावरचा शेजारी ओड्डवार आला. त्याने पिंपाला कान लावला.

"कसली उसळतेय वहिनी! उसळणारच म्हणा. सकाळची आरोळी थेट आमच्या गोठ्यात आली, गाई बिचकल्या."

गुरो त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

"अशा काय बघताय? नेहमीसारखीच होती, तुम्हा दोघांची..." म्हणता म्हणता त्याचं त्यालाच काहीतरी आठवलं आणि तो पिंपापासून मागे सरकला.

आपण आरोळी दिलीच नाही, हे सांगायला गुरोने दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं. आवाज फुटेना. घसा पार बसला होता.