रागाचा सराव

डॉक्टर स्वतःच्या आईशी फोनवर वऱ्हाडीत बोलायचे आणि फोन ठेवला की अस्मिताच्या बाबांशी इंग्रजीत. बाबा प्रत्येक वाक्याला मान हलवून "येस सर" म्हणत आणि बाहेर आल्यावर तिला विचारत, "काय म्हणे वं तो?" अस्मिताला इंग्रजी वाचता यायचं, पण त्या वेगापुढे तिच्या तोंडून एक प्रश्न फुटला नाही. आपल्याला काय झालंय हे न कळताच बाबा गेले.

महिन्याभराने तिने मनीषनगरात इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला. तिथे रोज एक विनोद सांगायचा आणि एक भावना बोलून दाखवायची. आनंद जमला, आभार जमले; रागाच्या दिवशी मात्र ती अडली.

"मॅडम, हसून काहून रागावून राहिल्या तुम्ही?" सर म्हणाले. "ज्याच्यावर राग आहे, तो समोर बसला आहे असं समजा."

"तेवढ्यासाठीच तर आले, सर."

बोलता यायला लागलं तशी ती डॉक्टरांसमोर जाऊन बसली. बाबांना नेमकं काय झालं होतं, हे तिने न अडखळता इंग्रजीत विचारलं. डॉक्टर सरसावून बसले. पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहत त्यांनी अस्खलित इंग्रजीत सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.



"मले समजलं," ती म्हणाली. "आता हेच मराठीत सांगा, डॉक्टर. माह्या बाबाले समजलं असतं तसं."