डाव्या हातांचं गाव

"सगळे?" कृपादान सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सिनेमातली सगळी माणसं डावखुरी?"

"हो सर," वृषाली म्हणाली. "नायक डाव्या हातानं जेवतो. त्याची आई डाव्या हातानं कुंकू लावते. हवालदारसुद्धा डाव्या हातानं सलाम ठोकतो."

आता बोला! सरांनी तिचा निबंध पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला त्या साली जी कादंबरी होती, तिच्यातला सहादेव डावखुरा. आजी त्याचा डावा हात पाठीशी बांधायची आणि मगच त्याला जेवायला बसवायची. शेवटी तो गाव सोडतो, आणि कादंबरी तिथंच संपते. पुण्याच्या स्पर्धेसाठी ही कादंबरी एखाद्या सिनेमाशी जोडून निबंध लिहायचा होता. कॉलेजातून एकच निबंध जाणार होता. पुणतांब्याच्या यात्रेत तंबू लागला होता, तिथला सिनेमा सरांनीच मुलांना नेमून दिला होता.

वृषालीनं लिहिलं होतं : सहादेव चालत चालत जिथं पोचला, ते गाव या सिनेमात आहे. इथं सगळेच डावखुरे आहेत, म्हणून इथं कुणी कुणाचा हात बांधत नाही.

वाक्य असं होतं की सरांना आपण लिहिलं असतं तर बरं, असं वाटून गेलं. पण त्यातलं एकही अक्षर खरं नव्हतं.

"मीही त्याच खेळाला होतो," सर म्हणाले. "सगळे उजव्या हातानं जेवत होते."

"नाही हो सर!"

"तू सिनेमा पाहिलास तरी का?"

"पाहिला सर. धार काढून जाईस्तोवर सुरुवातीची नावं होऊन गेली होती, पण पुढचा सगळा पाहिला. तंबूतला पहिलाच माझा. दादा जाऊच देत नव्हते."

"निघताना आई मुलाला काय देते?"

"शेंगदाणे आणि गूळ. फडक्यात बांधून."

"मशीन बंद पडलं तेव्हा?"

"अलीकडं... म्हणजे तुमच्या पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या. आम्ही बायका पलीकडं गप बसलेलो."

सगळं बरोबर. सरांचं डोकं चालेनासं झालं. पोरगी खोटं बोलत नव्हती आणि खरंही बोलत नव्हती. तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या पेनाकडं गेलं. ते डाव्या हातात होतं.

"असं होय," सर जरा सुटल्यासारखे झाले. "तू स्वतः डावखुरी. म्हणून तुला सगळीकडं तेच दिसतं. निबंध कल्पनेचा नसतो, वृषाली."

वृषालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिच्या दादांनी, म्हणजे वडील रंगनाथनी, स्पष्ट सांगून ठेवलं होतं. पुण्याला निवड झाली तर पुढं एम.ए., नाहीतर सुप्याच्या कारखान्यातल्या मुलाचं स्थळ आलंय, त्याला होकार.

घरी येऊन तिनं आईला गाठलं. "आई, सिनेमातला तो पोरगा कुठल्या हातानं जेवत हुता?"

"आता गं बया!" कलाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "हात कोन बघतंय? मला तर लई रडू येत हुतं."

"आठव की!"

"जेवत हुता एवढं खरं. उपाशी न्हाई ऱ्हायला."

वृषाली अंथरुणात पडून आपल्या हाताकडं बघत राहिली. खरंच मलाच तसं दिसलं का? वेडबिड लागलं का मला? तो हात पदराखाली घालून तिनं डोळे मिटले, तर पुन्हा तो पोरगा डाव्या हातानंच घास घेताना दिसला.

सर काही दुष्ट नव्हते. त्यांनाही चैन पडेना. यात्रेच्या शेवटच्या दिवशी ते पुन्हा पुणतांब्याला गेले. बायको हेलन बरोबर होती. कॉलेजचं घरी काढायचं नाही ही त्यांची शिस्त, त्यामुळं कशासाठी ते तिला सांगितलं नाही. तंबूच्या दारात हेलन बायकांच्या वाटेनं गेली, सर पुरुषांच्या. ते अगदी पुढं जाऊन बसले. घास उजव्या हातानं. कुंकू उजव्या हातानं. हवालदारही उजव्याच हातानं. त्यांनी समाधानानं सुस्कारा सोडला.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या चेतनचा निबंध पुण्याला गेला. निबंध बरा होता. त्यात कुणी डावखुरं नव्हतं.

उन्हाळ्यात वृषालीचं लग्न निघालं. सर आणि हेलन दोघंही गेले. पंगतीत नवरानवरीनं एकमेकांना घास भरवायची वेळ आली. वृषालीनं जिलबीचा तुकडा उचलला, तशा चारी बाजूंनी बायका ओरडल्या, "अगं उजव्या हातानं! उजव्या!"

वृषालीनं निमूटपणे हात बदलला. त्या हातानं तिला नीट जमेना, तुकडा नवऱ्याच्या सदऱ्यावर पडला आणि मांडवात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. ती त्यांच्याकडं बघत होती.

"बिचारी," हेलन त्यांच्या कानाशी म्हणाली. "यात्रेतल्या त्या सिनेमात असती तर कुणी हसलं नसतं. तिथं सगळेच डाव्या हातानं जेवत होते."

सरांचा घास हातातच राहिला. "तुलाही तसंच दिसलं?"

"मलाच काय, सगळ्या बायकांना तसंच दिसतं," हेलन म्हणाली. "तंबूत आम्हाला पडद्याच्या मागं बसवतात, अहो. तिकडून सगळं उलटंच दिसतं."