डावी बाजू

एमेट पुन्हा चिखलात आडवा झाला. चेंडू त्याच्या हातातून निसटून वेडेवाकडे टप्पे खात गेला आणि समोरच्या संघानं तो झडप घालून उचलला.

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच हार्लन मॅक्रेनं डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. "डावीकडून! परत डावीकडूनच!"

शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मदतनिसानं, व्हर्नननं, वहीत काहीतरी टिपलं. चेंडू बगलेत मारून धावायचं असलं की हार्लनची पोरं समोरच्यांना आडवं करत जायची. पण पास फेकायचा म्हटला की सगळा डाव पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळायचा. आणि फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, होता हार्लनचा स्वतःचा मुलगा एमेट. बापामुळेच पोराला क्वार्टरबॅक केलंय, असं गावात उघड बोललं जात होतं. हा मोसम असाच गेला तर पुढच्या वर्षी नवा कोच बघू, असं शाळेनंही ऐकवलं होतं.

शनिवारी दोघं सामन्याचं चित्रण बघायला बसले. व्हर्नननं एके ठिकाणी ते थांबवलं.

"ओटिस," तो म्हणाला.

ओटिस ग्रिग्ज म्हणजे संघातला सगळ्यात धिप्पाड पोरगा. पास फेकताना एमेटची पाठ डावीकडे असते. त्या बाजूनं येणाऱ्याला अडवायचं, एवढंच ओटिसचं काम.

"धावायच्या वेळी हाच दोघादोघांना रेटत नेतो," व्हर्नन म्हणाला. "आणि पासच्या वेळी बघ. पायात शिसं ओतल्यासारखा उभा."

"एमेटशी भांडलाय का?"

"छे! एका ताटात जेवतात दोघं." व्हर्नन पडद्याकडे बघत राहिला. "पण एमेट तरी बाजूला का होत नाही? एवढा धावत येणारा माणूस..."

"पाठीला डोळे असतात का रे?" हार्लन उखडला.

सोमवारी सरावाला त्यानं ओटिसच्या हेल्मेटची जाळी धरून त्याला जवळ ओढलं.

"शुक्रवारी विद्यापीठाचा माणूस त्यांच्या संघासाठी एमेटला बघायला येतोय. माझ्या पोराचं आयुष्य तुझ्या या दोन हातांत आहे. कळतंय का?"

"हो, कोच."

"मग अडव ना त्यांना, बैला! की तुला बाकावर बसवू?"

ओटिसच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं एमेटकडे बघितलं. एमेट पळतच आला.

"त्याला काढू नका, कोच. तो नसेल तर मीही खेळणार नाही."

सरावात बापाला 'कोच' म्हणायचं, असा हार्लनचाच नियम होता. अलीकडे पोरगा घरीही तेच म्हणू लागला होता. हार्लननं जाळी सोडली. मार खाऊनही मित्राची बाजू घेणारा पोरगा! त्याचा ऊर भरून आला.

रात्रीच्या जेवणाला एमेटनं बटाट्यात नुसता काटा फिरवला. त्याच्या आईनं बर्फाची पिशवी आणून त्याच्या बरगड्यांना लावली.

"काळानिळा झालाय पोरगा, हार्लन. या शुक्रवारी राहू दे ना त्याला घरी."

"मॅक्रे आहे तो, लोरीन," हार्लन हसला. "माझा गुडघा गेला तेव्हा चौघांनी उचलून बाहेर नेलं मला. स्वतःच्या पायांनी मैदान सोडणारा या घरात अजून जन्मलेला नाही."

एमेटनं मान वर केली. बापाच्या अधू गुडघ्याकडे त्यानं क्षणभर बघितलं. "खेळीन मी, कोच," तो म्हणाला.

शुक्रवारी गाव लोटलं होतं. विद्यापीठाचा माणूस वरच्या रांगेत कॉफी घेऊन बसला होता. हार्लननं देवाचं नाव घेतलं आणि पहिलाच डाव पासचा लावला.

एमेट मागे सरला. हात उंचावला. समोर, दूरवर, त्याचा गडी एकटा मोकळा पळत होता. फेक, हार्लन मनात ओरडला, फेक! एमेट चेंडू धरून उभाच राहिला. डावीकडून एक धिप्पाड गडी ओटिसला ओलांडून सुसाट आला आणि एमेटवर आदळला. उजवा हात अंगाखाली दुमडून एमेट पडला. लोक जागेवरून उठून उभे राहिले.

रुग्णवाहिका येईपर्यंत हार्लन मैदानाच्या मधोमध उभा राहून ओटिसवर ओरडत होता. "मारलंस तू माझ्या पोराला! संपवलंस!" ओटिस गुडघ्यांवर बसला होता.

इस्पितळाच्या बाकावर हार्लननं हातांत तोंड लपवलं. आपल्यासारखंच, त्याला वाटत राहिलं, अगदी आपल्यासारखंच. लोरीन त्याच्याशेजारी न बसता भिंतीला टेकून उभी होती.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"नशीबवान आहे मुलगा. खांदा मुरगळलाय, बाकी हाड न् हाड शाबूत आहे. आत्ताच सांगितलं मी त्याला. तीन आठवड्यांत खेळेल."

हार्लन लहान मुलासारखा रडला. मोसमाचा शेवटचा सामना महिन्याभरानं होता! विद्यापीठाचा माणूस पुन्हा येईल. हातापाया पडून आपण त्याला आणू. हार्लननं डोळे पुसले आणि गुडघा ओढत खोलीकडे निघाला.

पडद्याखालून त्याला चिखलानं माखलेले मोठे बूट दिसले. ओटिस आधीच येऊन पोहोचला होता. त्याचे हुंदके बाहेरपर्यंत ऐकू येत होते.

हार्लनचा राग केव्हाच ओसरला होता. ओटिसला जवळ घ्यावं, झालं गेलं विसरून जा म्हणावं, म्हणून त्यानं पडद्याला हात घातला.

"रडू नकोस रे," आत एमेट त्याची समजूत घालत होता. "अजून एक सामना आहे. फक्त या वेळी जरा आधीच बाजूला हो, म्हणजे समोरचा आणखी जोरात येईल."