आधी जाहिरात बघ

टीव्हीला जोडून खेळायच्या एका खेळाला माझ्या बायकोने आवाज दिला होता. खेळणारा दरीत कोसळला की ही म्हणायची, "पडलास? बरं झालं, आता वाट कळली. चल, ऊठ!"

ती गेल्यावर काही महिन्यांनी त्या कंपनीचा साहेब घरी आला. तरुणच होता. सोफ्याच्या कडेला टेकला.

"काका, आपला खेळ आता मोबाइलवर आणतोय. काकूंचा आवाज घराघरात पोचेल. फक्त एक वाक्य नवीन लागेल. ते मशीन हुबेहूब त्यांच्या आवाजात बनवतं. तुमचा होकार हवा."

"कुठलं वाक्य?"

त्याने फोनवर ऐकवलं. आवाज हिचाच. "पडलास? आधी जाहिरात बघ, मग उठवते."

मी म्हणालो, "नाही. पडलेल्याला ताटकळत ठेवणारी बाई नव्हती ती."

"काका, मोबाइलवर असंच चालतं. तुम्ही अडून बसलात तर आम्ही दुसरीचा आवाज घालू. मग काकू फक्त त्या टीव्हीवरच्या जुन्या खेळात उरतील, आणि खरं सांगू का, तो आता कुणी खेळत नाही."

"मी खेळतो की. रोज."

तो हसला. "या वयात? जमतं तरी का? सारखे दरीत पडत असाल!"

"पडतो ना. एकूण एक दरी पाठ आहे मला. शोधून शोधून उडी मारतो."