फोटोखालची ओळ

उद्या पुण्याला नोकरीची मुलाखत होती, म्हणून फिजानं आपल्या डिझाइनच्या कामाचे छापील कागद चटईवर मांडले होते. कोर्सच्या सरांनी बजावलं होतं, नुसती देखणी चित्रं दाखवू नका. माणूस तुमच्या कामात कुठं अडला आणि मग तुम्ही काय सुधारलं, ते दाखवा.

तिनं एसटी स्टँडसाठी टचस्क्रीनचा एक पडदा आखला होता. गावाच्या नावावर बोट ठेवलं की गाडीची वेळ सांगणारा. घरच्या कॉम्प्युटरवर तो पहिल्यांदा हाताळला अब्बांनी. शोधायची होती कामथडीची गाडी, आणि तिन्ही वेळा निघालं आंबवडं. मग तिनं नावांशेजारी चित्रं घातली, तेव्हा कुठं जमलं. ह्याच कामाचं पान सगळ्यांत सरस उतरलं होतं. त्यावर अब्बांचा फोटो होता.

अब्बांनी, म्हणजे झुल्फिकारभाईंनी, तीस वर्षं टेम्पो चालवला, पण त्यांना वाचता येत नाही हे घराबाहेर भोरात कुणालाच ठाऊक नव्हतं. कागद पुढं आला की चष्मा नेमका घरी राहिलेला असे. जिवापेक्षा अब्रूला जपणारा माणूस.

अब्बांनी नेमकं तेच पान उचललं.

"ह्यो तर मीच की! खाली काय लिवलंय गं?"

लिहिलं होतं, 'झुल्फिकार, टेम्पोचालक. अक्षरओळख नाही. तीनदा चुकले, पण लाजेपायी विचारलं नाही.'

फिजा पानाकडं न बघताच म्हणाली, "लिवलंय... अब्बा व्हते म्हणून ह्ये काम झालं."

ते खोटं नव्हतं. फक्त कागदावर नव्हतं.

अब्बांचे डोळे भरून आले. "आलोच," म्हणाले आणि पान घेऊन अनवाणीच समोरच्या चहाच्या टपरीकडं निघाले.

फिजा दारापर्यंत धावली. हाक मारायला तोंड उघडलं, पण थांबवून त्यांना सांगणार काय? नोकरीसाठी आपण बापाची लाज चव्हाट्यावर मांडली, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

टपरीवाल्या रामभाऊंनी पान हातात घेतलं. फोटो बघून हसले. मग खालची ओळ वाचू लागले आणि त्यांचं हसू मावळलं. त्यांनी मान वर केली नाही.

अब्बा बाकावरच्या मंडळींकडं वळले, पुन्हा रामभाऊंकडं.

"गप का झाला, रामभाऊ? मोठ्यानं वाचा की. समद्यांना ऐकू द्या."