सिस्टरच्या आठवणीत

परीक्षेच्या खोलीत शार्वरीच्या डोक्यावर दुसऱ्याची आठवण जगायला लावणारा स्मृतिटोप चढवला आणि ती सिस्टर पाडवी झाली. डोंगरातल्या दवाखान्याचा तोच वॉर्ड, मार्चमधली तीच सकाळ. टेबलाशी एक शिकाऊ डॉक्टर स्क्रीनमध्ये मान घालून बसली होती. ती शार्वरी स्वतःच होती.

"मॅडम, बाळाचं पोट उडतंय. श्वास बरोबर नाही," सिस्टरच्या तोंडून शब्द निघाले.

"रिपोर्ट येऊ द्या, सिस्टर."

सिस्टरने तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. टेबलाशी बसलेलीने एकदाही वर पाहिलं नाही. सिस्टरच्या डोळ्यांतून शार्वरीला फक्त स्वतःचा भांग दिसत राहिला. दुपारी बाळ गेलं.

टोप निघाला. समोर तिघी बसल्या होत्या, प्राध्यापिका, सिस्टर पाडवी आणि बाळाची आई रायलीबाई. तिघींच्या सह्यांशिवाय पदवी मिळत नसे. दोघींनी कागद आधी रायलीबाईकडे सरकवला.

"चूक माझी होती," शार्वरी टेबलाकडे बघत म्हणाली.

रायलीबाईने पेनला हात लावला नाही.

"मान वर कर, बाई," ती म्हणाली. "तुझं तोंड मी अजून बघितलेलंच नाही."