चोविसावी ओळ

ऑफिसातला दादा मला बाळ्या म्हणायचा. आपल्या अर्ध्या खुर्चीवर बसवून त्यानेच मला हे काम शिकवलं. त्याची चूक साहेबांना सांगितली मीच. त्याची नोकरी गेली, महिन्याभरात तोही गेला. खुर्ची मला मिळाली.

रोज सकाळी मी संगणकाच्या टर्मिनलला आज्ञा देऊन विचारतो, पडद्यावर ओळी किती? उत्तर चोवीस येतं. आज तेवीस आलं. मी आकडा मोठ्याने वाचला.

"तुमचा गुण लागला," शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "यंत्रही फितूर झालं, आपलीच एक ओळ गाळली."

मी पडदा पुसायची आज्ञा दिली. तेवीस ओळी कोऱ्या झाल्या. तळाच्या चोविसाव्या ओळीत कर्सर लुकलुकत राहिला.

मी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर घेतले. तरी त्या ओळीत अक्षरं उमटू लागली.

"बाळ्या, सरक जरा."

खुर्चीची दुसरी बाजू हळूच दबली.